एकोणीस दिवसांचं श्रमदान

हे प्रकरण रायगड किनाऱ्यावरच्या एका लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीचं आहे. गावाचं नाव दिलेलं नाही आणि माणसांचीही नाही. तालुक्यात ख्रिस्ती घरं इतकी मोजकी की नाव बदललं तरी माणूस ओळखू येईल. मी त्या वेळी पंचकमिटीवर खजिनदार होतो, त्यामुळे यातल्या बऱ्याचशा चुका माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात आहेत. दुसऱ्या मंडळ्यांच्या पंचांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहून काढलं आहे.

पार्श्वभूमी

मंडळीत चाळीसेक कुटुंबं. निम्मी मुंबई-पनवेलला, नाताळाला आणि मे महिन्यात गावी येणारी. कायम राहणारे म्हणजे निवृत्त शिक्षक, नर्स, एसटीतून रिटायर झालेले, पंचायत समितीतले कारकून, आणि हातावर पोट असलेली दोन-तीन घरं. या पट्ट्यात मिशनचं काम जुनं. स्कॉटिश मिशनरी १८२३ साली सावित्रीच्या मुखाशी बाणकोटला आले, पुढे हर्णैला गेले, आणि तिथे त्यांनी शाळा काढल्या. आमच्या मंडळीचा त्यांच्याशी सरळ संबंध नाही. तरीही ‘आपल्या लोकांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले’ हे वाक्य आमच्या प्रत्येक वार्षिक सभेत एकदा तरी होतंच. त्यातलं क्रियापद भूतकाळी आहे, याकडे आमच्यापैकी कुणाचं कधी लक्ष गेलं नाही.

चर्च जांभ्याच्या भिंतींचं, वर मंगलोरी कौलं. छपराचे वासे बदलायला आले होते, त्यासाठी सात वर्षांपासून ‘इमारत निधी’ साठत होता. त्यातला बराचसा पैसा सुगीच्या सणाच्या लिलावातला. ज्यांनी तो लिलाव पाहिला आहे त्यांना सांगायला नको: एकच भोपळा तीनदा विकला जातो, घेणारा पैसे भरतो आणि भोपळा परत टेबलावर ठेवतो. असे भोपळे, नारळ, कोंबड्या विकून निधी २,८५,००० रुपयांवर आला होता.

३ जून २०२० ला, बुधवारी, निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत, असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. आम्हाला दुपारी फक्त आवाज ऐकू येत होता. माड वाऱ्याला पुष्कळ लवतो, पोफळ मात्र मधूनच मोडते किंवा मुळासकट आडवी होते. चार तासांनी बाहेर आलो तर वाड्यांत वर आभाळ दिसत होतं. ज्या वाडीत भर दुपारी दिवा लावावा लागायचा, तिथे ऊन पडलेलं. सुपारी लावल्यापासून फळायला सहा-सात वर्षं जातात, म्हणजे ज्यांचं वय साठीच्या पुढे होतं त्यांनी मनातल्या मनात हिशेब तिथेच मिटवला.

चर्चची निम्मी कौलं गेली. त्यावर कोरोना: प्रार्थनास्थळं मार्चपासून बंद, दुकानं अर्धा दिवस, बाहेरगावची मजुरांची टोळी गावात येऊ शकत नाही. वीज गेली ती कित्येक आठवडे. आणि डोक्यावर मोसमी पाऊस.

पेच

शनिवारी पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, पडवीत अंतर ठेवून बसलो. सातजण. प्रश्न एकाच वेळी तीन आले होते.

पहिला चर्चच्या छपराचा. निधी त्यासाठीच होता आणि पाऊस आठवड्यावर.

दुसरा, मुंबईतल्या एका मोठ्या मंडळीचा निरोप. आमचे सेक्रेटरी माणगावच्या रस्त्याला लागले तेव्हा कुठे मोबाइलला रेंज आली आणि तो मिळाला. शंभर किट पाठवतो म्हणाले. प्रत्येकात पाच किलो गहू, दोन किलो तांदूळ, डाळ, तेल, साबण आणि एक सुवार्तापत्रिका, म्हणजे येशूच्या संदेशाचं छापील पत्रक. वाटप करताना प्रत्येक कुटुंबाचा फोटो हवा.

तिसरा प्रश्न कुणी मांडला नाही, पण पडवीतूनच दिसत होता. चर्चमागच्या आळीत बावीस-तेवीस घरांवर छप्पर नव्हतं. त्यात आमची सहा, बाकी आगरी, कोळी, माळी आणि दोन मुसलमान घरं.

मास्तरांनी, म्हणजे आमच्या सर्वांत ज्येष्ठ पंचांनी, आधी प्रार्थना सुचवली, ती झाली. मग ते म्हणाले, आपलं पहिलं काम उपासना. देवाचं घर उघडं टाकून समाजकार्य करायला आपण काही एनजीओ नाही. तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, बायबलमधलं इफिसकरांस पत्र, अध्याय दोन, वचनं आठ आणि नऊ. त्यांना ते तोंडपाठ आहे, आम्हा सगळ्यांनाच आहे, शब्बाथशाळेत पाठ करून घेतलेलं.

आमच्यात एक सिस्टरबाई आहेत. मिरजेला शिकलेल्या, पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत काढलेल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “मास्तर, दहावं वचन म्हणा.”

मास्तर थांबले. त्यांना ते येत नव्हतं असं नाही. दहाव्या वचनात म्हटलंय की आपण सत्कृत्यांसाठीच निर्माण केलेले आहोत आणि ती कृत्यं देवाने आधीच योजून ठेवलेली आहेत. पण पाठांतर नवव्याला संपतं. आमच्या लहानपणीही संपायचं.

मग याकोबाचं पत्र निघालं, ते निघणारच होतं. उघड्यानागड्या, उपाशी भावाबहिणीला ‘सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा’ म्हणायचं आणि द्यायचं काहीच नाही, तर उपयोग काय, असं दुसऱ्या अध्यायात आहे, आणि क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे हे त्याच्याच पुढे. मास्तर म्हणाले, प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथरने या पत्राला गवताचं पत्र म्हटलं होतं. खरं आहे, १५२२ च्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने तसं लिहिलं. पाळकसाहेबांनी आठवण दिली की ल्यूथरने ते पत्र बायबलमधून काढलं मात्र नाही. शिवाय ज्या मुद्द्यावर लोक चारशे-साडेचारशे वर्षं भांडले त्यावर लुथरन आणि कॅथलिक यांनी १९९९ मध्ये ऑग्सबर्गला एकत्र सह्या केल्या: स्वीकार कृपेने होतो, आणि सत्कृत्यं ही त्याची फळं. ही माहिती छान होती. त्यात अर्धा तास गेला आणि मागच्या आळीत कुणीतरी ओली गादी वाळत घालत होतं.

मला आज वाटतं की तो वाद खोटा नव्हता, पण सोयीचा होता. विश्वास की कृती, हे ठरवेपर्यंत कुणाच्या घरी जावं लागत नाही.

काय हवंय, हे कुणी विचारलं

सभा सोमवारपर्यंत तहकूब झाली. सिस्टरबाई त्याच संध्याकाळपासून एक दोनशे पानी वही घेऊन आळीत फिरल्या. सोमवारी ती वही त्यांनी टेबलावर ठेवली. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत उपयोगाचा कागद तोच, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

तांदूळ जवळजवळ कुणालाच नको होता. केंद्राची मोफत धान्याची योजना एप्रिलपासून चालू होती, माणशी पाच किलो, आणि डबे कोरडे राहिलेल्यांकडे तो होता. गहू तर अजिबात नको, कारण वीज नाही म्हणजे गिरणी बंद. पाच किलो गहू देणं म्हणजे माणसाच्या हातात पाच किलो वजन देणं. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मुंबईहून किट भरणाऱ्यांच्या डोक्यात कुठून येणार?

वहीत काय होतं? पत्रे. पत्र्यांपेक्षा जास्त वेळा ‘हूक आणि वायसर’, कारण उडालेले पत्रे वाकडेतिकडे का होईना, लोकांनी शेतातून गोळा करून आणले होते, पण ते ठोकायला जे-हूक तालुक्यात मिळत नव्हते. ताडपत्री. मेणबत्त्या. मोबाइल चार्ज करायची सोय. आडव्या पोफळी कापायला करवत, शक्य असेल तर मशीनची. सातबाऱ्याचा उतारा आणि आधारची झेरॉक्स, कारण पंचनाम्याला तलाठी येणार होते आणि झेरॉक्सची मशीन विजेवर चालते. एका बाईने गुळण्या करायच्या मिठाचा पुडा मागितला होता. एका म्हाताऱ्या विधवेने काहीच मागितलं नव्हतं. तिच्या नावापुढे सिस्टरबाईंनी लिहिलं होतं: “छप्पर झालंय. कोणी केलं विचारलं तर म्हणाली, तुमच्यातलाच एक पोरगा येऊन गेला.”

ही ओळ आम्ही सगळ्यांनी वाचली आणि पुढे गेलो.

पर्याय

चार वाटा होत्या. निधी चर्चवरच खर्च करून पावसाआधी छप्पर टाकणं, आणि शेजाऱ्यांसाठी मुंबईची किट वाटणं. हा सोपा मार्ग. दोन्ही खात्यांत काहीतरी केल्याची नोंद झाली असती. किंवा निधीतून फक्त आपल्या सहा घरांची छपरं. त्याला वचनाचा आधारही आहे, गलतीकरांस सहा-दहामध्ये विश्वासाच्या घराण्यातल्यांचं विशेष भलं करा असं आहे. किंवा घर कुणाचं ते न बघता छप्पर बघून मदत. किंवा काहीच न करता सरकारची वाट पाहणं. ही चौथी वाट कुणी उघड मांडली नाही, पण सभा आणखी दोनदा तहकूब झाली असती तर आपोआप तीच निवडली गेली असती.

निधी वळवण्याला सेक्रेटरींचा विरोध होता आणि तो रास्त होता. मंडळीचा ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला आहे. लोकांनी इमारतीसाठी दिलेला पैसा सात माणसं पडवीत बसून दुसरीकडे कसा वापरणार? उद्या धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार गेली तर सही खजिनदाराची. मी बँकेत आयुष्य घालवलेला माणूस, मला ते लगेच पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटल्याचा थोडा आनंदही झाला. नियम आडवा आला की मनाला विचारावं लागत नाही.

तोडगा पाळकसाहेबांनी काढला. निधी वळवायचा नाही, त्यातून ‘साहाय्य निधी’ला उसने द्यायचे, दोन वर्षांत फेडायच्या बोलीवर, आणि मोठ्या देणगीदारांची फोनवर संमती घेऊन ती नंतर सर्वसाधारण सभेपुढे ठेवायची. रेंज मिळवायला सेक्रेटरी दोन दिवस टेकडीवर जाऊन बसले. अकरापैकी दहांनी हो म्हटलं. अकराव्यांनी आपले पाच हजार परत मागितले, ते आम्ही दिले.

चर्चच्या छपराबाबत ज्या गोष्टीने पारडं फिरलं ती साधी होती. प्रार्थनास्थळं सरकारी आदेशाने बंदच होती. छप्पर घातलं असतं तरी त्याखाली बसणार कोण? (ती उघडली १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला.) मास्तर यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ताडपत्री चांगली घ्या.”

कृती

चर्चवर ताडपत्री टाकली. पनवेलहून एक टेम्पो सिमेंटचे पत्रे, हूक, वायसर आणि ताडपत्र्या आल्या. पासची भानगड, टेम्पोवाल्याचं भाडं आणि वाढलेला दर यांवर वेगळं लिहिता येईल. यादी छपराप्रमाणे केली: आधी जिथे लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस, मग बाकीची. आमच्या सहा घरांपैकी दोन पहिल्या यादीत आली, चार शेवटी.

पत्रिकांवरून मात्र वाजलं. तरुण संघातली दोन मुलं तावातावाने म्हणाली, साक्ष द्यायची लाज वाटते का तुम्हाला? हा प्रश्न मी हलका समजत नाही. ज्याला आपला विश्वास प्राणापेक्षा मोलाचा वाटतो त्याने तो लपवावा का? पण ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याच्या हातात पत्र्यासोबत कागद दिला, तर तो नको म्हणू शकतो का? पाळकसाहेबांचं म्हणणं असं होतं की ज्याला नको म्हणता येत नाही त्याला आमंत्रण देता येत नाही. शिवाय आळीत कुजबुज सुरू झालीच होती, ‘हे धर्म बाटवायला आलेत’ अशी. ते स्वतः सरपंच आणि पोलीस पाटलांकडे गेले, यादी दाखवली आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली. कुणाला किती पत्रे, किती हूक, सगळं. कुजबुज थांबली असं म्हणणार नाही, पण कमी झाली.

मुंबईच्या मंडळीला कळवलं की किटऐवजी ताडपत्र्या आणि मेणबत्त्या द्या, पत्रिका आणि फोटो नकोत. त्यांचं उत्तर आलं की पैसे किटसाठीच जमवलेत, आणि फोटोशिवाय त्यांना देणगीदारांना हिशेब देता येणार नाही. त्यांचीही बाजू होती. शेवटी गव्हाऐवजी पीठ घालून चाळीस किट आली, पत्रिका न घालता. फोटो आम्ही गोण्यांचे काढून पाठवले. बाकीची साठ दुसरीकडे गेली.

सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त उपयोग झाला तो एका टेबलाचा. आमच्यातले पंचायत समितीतून निवृत्त झालेले एक काका रोज सकाळी चर्चच्या अंगणात टेबल टाकून बसत आणि लोकांचे अर्ज भरून देत. बागायतीला हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर झाले होते. ऐकायला मोठा आकडा. पण इथे वाड्या दहा-पंधरा गुंठ्यांच्या, सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची नऊ-नऊ नावं, त्यातली चार मुंबईला आणि एक मयत. दहा गुंठ्यांना पाच हजार, आणि त्याचे नऊ भाग. ते पाच हजार तरी मिळावेत म्हणून संमतीपत्रं लिहिणं, वारसाची नोंद कुठे अडली ते शोधणं हे काम काका अडीच महिने करत होते. चहासुद्धा घरून आणत.

आणि पत्रे चढवायला माणूस होता. आमच्या मंडळीतला एक रंगारी. रंगकाम, पत्रे, पन्हळी, उंचीवरचं काहीही. पस्तिशीचा, हलका, वाश्यावरून मांजरासारखा चालणारा. बाहेरची टोळी येऊ शकत नव्हती, त्यामुळे तो नसता तर पत्रे अंगणातच पडून राहिले असते. पाळकसाहेबांनी त्याला विचारलं, “सेवा म्हणून करशील ना रे?” तो “हो साहेब” म्हणाला. १० जूनपासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, पाऊस उघडेल तसा तो चढत होता. मी वहीत लिहीत होतो: श्रमदान, १ दिवस. श्रमदान, १ दिवस.

जे दिसलं नाही

जुलैच्या मध्यावर मी मेणबत्त्यांचं बिल भागवायला किराणा दुकानात गेलो. दुकानदार आमच्या धर्माचा नाही, ओळखीचा आहे. बिल घेऊन झाल्यावर त्याने दुसरी वही उघडून माझ्यासमोर फिरवली. बोलला काहीच नाही. रंगाऱ्याच्या नावावर मार्चपासूनची उधारी होती. शेवटच्या महिन्यातल्या नोंदी मी अजून विसरलेलो नाही: तेल पाव लिटर. साखर पाव किलो. तेल पाव लिटर. पार्ले बिस्कीट, एक.

लॉकडाऊन लागल्यापासून त्याच्याकडे काम नव्हतं. रंग कोण काढतंय? वादळानंतर मात्र उंचीवर चढणाऱ्याला तालुक्यात सोन्याचा भाव होता. बागायतदार रोजचे सातशे-आठशे द्यायला तयार होते. अडीच महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या हाताला काम आलं, आणि नेमके तेच दिवस आम्ही ‘सेवा’ म्हणून घेतले. पाळकसाहेबांनी विचारल्यावर तो नाही कसं म्हणणार होता? पत्रिकेच्या बाबतीत ‘ज्याला नको म्हणता येत नाही’ हे वाक्य आम्ही डोळे ओले करून ऐकलं होतं, आणि त्याच आठवड्यात आमच्याच माणसाला तसा प्रश्न विचारला.

त्याचं घर यादीत का नव्हतं? कारण त्याचं छप्पर शाबूत होतं. आमची यादी छपरांची होती.

मी घरी येऊन याकोबाचं पत्र पुन्हा वाचलं. दुसरा अध्याय आम्ही पडवीत इतका घोळला होता. पाचवा कुणी उघडला नव्हता. पाचव्यात, चौथ्या वचनात, शेतं कापणाऱ्या कामकऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते असं आहे. ज्या पत्राच्या आधारे आम्ही सत्कृत्यं करायला निघालो, त्याच पत्रात आम्ही दुसऱ्या बाजूला उभे होतो. आणि जुन्या करारात लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात मजुराची मजुरी सकाळपर्यंतसुद्धा ठेवायची नाही अशी आज्ञा आहे. आम्ही ती महिनाभर ठेवली होती, आणि तीही ‘दान’ या नावाखाली.

त्याच संध्याकाळी पाळकसाहेबांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “विचारलं मी. मीच विचारलं.” दुसऱ्या दिवशी कमिटीने ठराव केला: एकोणीस दिवस, रोजी सातशे, एकूण १३,३०० रुपये. या वेळी तहकुबी नव्हती. मास्तरांनी सर्वांत आधी हात वर केला.

पैसे घेऊन मी आणि पाळकसाहेब त्याच्या घरी गेलो. त्याची बायको दारात उभी होती, ती आम्हाला सलाम म्हणाली पण आत या म्हणाली नाही. तो मागच्या दाराने आला, हात पुसत. पाळकसाहेबांनी माफी मागितली. त्याने मान हलवली, पाकीट उघडलं आणि नोटा मोजल्या. मग त्यातले चौदाशे काढून माझ्यासमोर धरले.

“हे दोन दिवस जास्त लावलेत.”

मी वही काढली. पाच आणि सहा जून, म्हातारीचं घर. सिस्टरबाईंच्या वहीतली ती ओळ पुढे आमच्या अहवालात घ्यायची म्हणून मी ते दोन दिवस मागाहून श्रमदानात घातले होते.

“तेव्हा तुमची सभा पण झाली नव्हती काका,” तो म्हणाला. “ती आजी पावसात बसली होती, म्हणून मी गेलो. ते तुमच्या हिशेबात नको.”

परिणाम

तेवीस घरांवर जून संपेपर्यंत काही ना काही चढलं, शेवटची दोन जुलैत. अर्जांच्या टेबलामुळे किती जणांना पैसे मिळाले याची मोजदाद काकांनी ठेवली नाही; विचारलं की म्हणतात, ज्यांना मिळाले ते पुन्हा टेबलाकडे आले नाहीत.

चर्चची ताडपत्री जुलैच्या अखेरीला फाटली. बाक फुगले. पायपेटीचा भाता कुजला, ती आता वाजत नाही. सर्वांत वाईट म्हणजे बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही कपाटात भिजली, पहिली चाळीसेक पानं एकमेकांना चिकटली. आजोबा-पणजोबांची नावं होती त्यात. मास्तर ती पानं वाफेवर धरून सोडवायचा प्रयत्न करत होते, चार-पाच सुटली. या नुकसानीवरून दोन कुटुंबं अजून नाराज आहेत. एक येईनासं झालं. तो राग मला चुकीचा वाटत नाही.

नोव्हेंबरात उपासना अंगणात मांडव घालून सुरू झाली. छप्पर २०२१ च्या मार्चमध्ये झालं. काम रंगाऱ्यालाच दिलं, रीतसर अंगावर, आगाऊ रक्कम देऊन. मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा एकही कौल हललं नाही. इमारत निधीचे उसने दोन वर्षांत फिटले नाहीत, काही रक्कम अजून बाकी आहे. सुगीच्या लिलावात भोपळा आता चारदा विकला जातो.

रंगारी दोन महिने उपासनेला आला नाही. मग आला, मागच्या बाकावर बसला. आता तो पंचकमिटीवर यावा असं काहींचं म्हणणं आहे. त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, बैठका संध्याकाळी ठेवत असाल तर बघतो, दिवसा काम असतं.

पुन्हा वेळ आली तर

नोंदवह्या पहिल्याच दिवशी एखाद्या कोरड्या घरी हलवाव्यात. हे सांगायला लाज वाटते, पण सात शहाण्या माणसांना सुचलं नव्हतं.

सिस्टरबाईंची वही सभेच्या आधी फिरायला हवी होती. आम्ही शनिवारी वाद घातला आणि सोमवारी माहिती घेतली. क्रम उलटा असता तर वादाची लांबी निम्मी झाली असती असं माझं मत आहे. पाळकसाहेबांचं मत असं की वाद तेवढाच झाला असता, फक्त शुद्ध मराठीत. आणि वहीत छपराबरोबर चुलीचाही रकाना हवा होता. घरात कमावतं कोण, शेवटची मजुरी कधी मिळाली, हे दोन प्रश्न विचारले असते तर रंगाऱ्याचं घर यादीत वर आलं असतं.

सेवा मागताना कुणाकडे मागतो हे बघावं. माझ्याकडे पेन्शन आहे, माझा दिवस फुकट घेतला तर माझ्या घरात तेल कमी पडत नाही. काकांचंही तसंच. एकाच कमिटीने एकाच महिन्यात एकाच शब्दाने आमच्याकडून वेळ घेतला आणि त्याच्याकडून मजुरी घेतली. आता नियम केला आहे की ज्याचं पोट रोजावर आहे त्याला आधी रोज द्यायचा. त्यातून त्याला काही द्यावंसं वाटलं तर दानपेटी आहेच, आणि तिच्यात काय पडलं ते कुणी बघत नाही. यावर मास्तरांचा आक्षेप आहे की यामुळे गरिबाच्या हातून सेवेची संधी जाते. मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाही, त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

पत्रिकांबाबत तरुण संघाशी आम्ही नीट बोललो नाही, नुसतं गप्प केलं. त्यातला एक मुलगा पुढे काकांच्या टेबलावर रोज झेरॉक्सचे गठ्ठे लावायला बसायचा. कुणी विचारलं की तुम्ही हे का करता, तर तो काय उत्तर द्यायचा ते मी ऐकलेलं नाही. विचारणारे मात्र बरेच होते.

मार्चअखेर ऑडिट झालं. ऑडिटरने श्रमदानाच्या पानावर बोट ठेवलं. सतरा दिवस कापून ‘मजुरी’कडे नेलेले, ते व्हाउचरशी जुळत होते. पाच आणि सहा जूनच्या ओळीवर नुसती काट होती, समोर काही नाही.

“हे कुठे नेलं?”

“कुठेच नाही,” मी म्हटलं. “ते काम मंडळीचं नव्हतं.”

खोडलेल्या नोंदीवर सही लागते, म्हणाला. मी केली.